नीट शिवलेलं ठिगळ

मराठीत चिंधीला फारसा मान नाही. कुणाचा क्षुद्रपणा दाखवायचा तर आपण 'चिंधीचोर' म्हणतो, दाणादाण सांगायची तर 'चिंधड्या उडाल्या' म्हणतो, आणि संकट आवाक्याबाहेर गेलं की आभाळच फाटलं, ठिगळ कुठं कुठं लावणार, असं म्हणून हात टेकतो. मान मिळाला तो एका द्रौपदीच्या चिंधीला. कृष्णाचं बोट कापलं तेव्हा तिनं अंगावरचं भरजरी वस्त्र फाडून दिलं, ही कथा आपल्या घराघरांत सांगतात. जुन्या लुगड्याची चिंधी असती तर त्या कथेचं काय झालं असतं, कोण जाणे.

गेली काही वर्षं मी या चिंध्यांच्या नादाला लागलो आहे. संध्याकाळी दोन तास हातानं तुकडे जोडत बसतो. एका पलंगाला पुरेल एवढी गोधडी, तीही षट्कोनी तुकड्यांची, असा बेत आहे. एका कविमित्रानं विचारलं, "कविता आटली की काय?" दुसऱ्यानं विचारलं, "पुरुषासारखा पुरुष आणि हातात सुई?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी टाळतो. दुसऱ्याचं शोधायला गेलो आणि पाहता पाहता हजार-बाराशे वर्षं मागं जाऊन पोहोचलो.

विनयपिटकात एक सुंदर प्रसंग आहे. भगवान बुद्ध मगधातून जात असताना त्यांना बांधांनी आखलेली भाताची खाचरं दिसली. लांबट, आखूड, एकमेकांना खेटून बसलेली. त्यांनी आनंदाला विचारलं, भिक्षूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदानं तशी करून दाखवली. आजही बौद्ध भिक्षूचं चीवर अखंड कापडाचं नसतं, ते तुकडे जोडूनच करतात. कापलेल्या कापडाला बाजारात किंमत राहत नाही, त्यामुळं चोराला मोह पडत नाही आणि नेसणाऱ्यालाही. ऑरेल स्टाइननं १९०७ मध्ये चीनमधल्या दुनहुआंगच्या गुंफांमधून जे भांडार बाहेर नेलं, त्यात रेशमी तुकडे जोडून केलेलं एक मोठं वस्त्र होतं. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चीवर की पूजेचा पडदा, यावर जाणकारांत एकमत नाही. पण हजाराहून अधिक वर्षांपूर्वी कुणी तरी फूल-पानांची नक्षी असलेले रेशमाचे तुकडे चौकटीत नीट बसवले होते, एवढं खरं.

आपल्याकडचे नाथपंथी जोगी कंथा पांघरत. कंथा म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडीच. बंगालची प्रसिद्ध 'कांथा' हे त्याच शब्दाचं रूप. अगदी अलीकडं, म्हणजे विसाव्या शतकात, गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, चिंधेबुवा म्हणत. अंगावर ठिगळं आणि हातात खराटा ही त्यांची ओळख होती, आणि ती त्यांनी शेवटपर्यंत, १९५६ पर्यंत सोडली नाही.

माझ्या घरी ही गोष्ट दुसऱ्या वाटेनं आली. लहानपणी कपडा फाटला आणि नव्यासाठी हट्ट धरला की दादी सांगायची, अल्लाचे रसूल आपला कपडा स्वतः शिवत, चप्पल स्वतः सांधत, तू कोण लागून गेलास? हजरत आयशा यांनी सांगितलेली ही आठवण हदीसमध्ये आहे. पुढं सूफींनी ठिगळांचा झगा हा आपला गणवेशच केला. त्याला 'मुरक्का' म्हणतात. गंमत म्हणजे मोगल बादशहांच्या चित्रसंग्रहांनाही मुरक्काच म्हणत. इथून तिथून आणलेली चित्रं आणि सुलेखनाची पानं एकत्र जोडलेली, म्हणून ठिगळांचीच वही ती!

लाहोरला ज्यांचा दर्गा आहे ते अली हुजविरी, म्हणजे दाता गंजबख्श, अकराव्या शतकातले. त्यांच्या 'कश्फुल महजूब' या फारसी ग्रंथात ठिगळांच्या झग्यावर एक अख्खं प्रकरण आहे. टाका कसा घालावा, यावरून सूफींमध्ये दोन तट होते, असं ते सांगतात. एका गटाचं म्हणणं, सुई जिथून निघेल तिथून दोरा ओढावा, टाक्यांच्या शिस्तीत वेळ घालवू नये. दुसरा गट म्हणे, टाका सरळ आणि सारखाच हवा, त्यासाठी कष्ट घ्यावेत, कारण हातातली शिस्त आतल्या शिस्तीची खूण असते. नऊशे-हजार वर्षं झाली, पण जगात जिथं जिथं लोक हातानं तुकडे जोडतात तिथं हा वाद आजही जसाच्या तसा आहे. मी दुसऱ्या गटातला, असं माझं मत आहे. माझे टाके पाहून घरची मंडळी मला पहिल्या गटात घालतात.

हुजविरींनी आपला एक अनुभव लिहिला आहे. तूस या गावी त्यांनी शेख अबुल कासिम गुरगानी यांना विचारलं, फकीर म्हणवून घ्यायला किमान काय यावं लागतं? शेख म्हणाले, तीन गोष्टी: ठिगळ नीट शिवता यावं, नीट ऐकता यावं आणि जमिनीवर पाऊल नीट टाकता यावं. बरोबरचे दरवेश नंतर अर्थ लावत बसले. काहींना वाटलं, खरोखर सुबक शिलाईच हवी. हुजविरींचा अर्थ वेगळा होता. दाखवण्यासाठी न शिवता फकिरीसाठी शिवलं ते ठिगळ नीट, मग टाका वाकडा गेला तरी हरकत नाही.

यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी बगदादच्या इब्न अल-जौझी या कडक धर्मपंडितानं सूफींना फैलावर घेतलं. त्याची तक्रार अशी की हे लोक निरनिराळ्या रंगांचे दोन-तीन चांगले कपडे घेतात, ते कापतात आणि त्यांची ठिगळं जोडून झगा शिवतात. म्हणजे गरिबीचा देखावा, आणि तोही महागडा. मी हे वाचलं तेव्हा शेजारी माझी कापडाची पिशवी होती. तिच्यात जुने कपडे होते तसे दुकानातून खास आणलेले पाव-पाव मीटरचे नवे तुकडेही होते.

जोडकामाची गोधडी गरजेतून जन्मली, असं आपण धरून चालतो. ते निम्मंच खरं आहे. युरोपातल्या ज्या जुन्या मोठ्या गोधड्या संग्रहालयांत टिकल्या, त्या श्रीमंत घरांतल्या आहेत, रेशमाच्या आणि आपल्याकडच्या छिटाच्या. होय, आपल्या छिटाच्या. मछलीपट्टणम आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून गेलेल्या रंगीत सुती कापडानं सतराव्या शतकात युरोपला वेड लावलं. धुतलं तरी रंग जात नाही, हे त्यांना नवल होतं. तिथले विणकर हवालदिल झाले. फ्रान्सनं १६८६ मध्ये बंदी घातली. इंग्लंडनं १७०० मध्ये आयातीवर आणि १७२१ च्या कायद्यानं वापरावरच बंदी आणली. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफिल्ड्समधल्या विणकरांनी छिटाचे कपडे घातलेल्या बायकांना रस्त्यात गाठून त्यांचे कपडे फाडले होते. इंग्लंडमधली ही बंदी उठायला १७७४ साल उजाडलं. जी वस्तू मिळत नाही तिचा कपटाही जपला जातो. इंग्लंडच्या उत्तरेला लेव्हन्स हॉल नावाचा जुना वाडा आहे. तिथं भारतीय छिटाचे तुकडे जोडून केलेला पलंगाचा संच आहे आणि तो १७०८ च्या सुमाराचा असल्याचं परंपरेनं सांगतात. आंध्राच्या किनाऱ्यावर कुणा रंगाऱ्यानं कलमानं काढलेलं फूल तिकडं इंचा-इंचानं वाचवून ठेवलं गेलं. त्या रंगाऱ्याचं नाव तिथं कुणी विचारलं नाही. इथंही कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

इंग्लंडमधलीच, १७१८ हे साल तुकड्यांतच जोडून लिहिलेली एक रेशमी चादर आहे. तिची रीत मी शिकतो आहे. कागदाचा नेमका आकार कापायचा, त्यावर कापड दुमडून कच्चा टाका घालायचा, मग असे दोन तुकडे पालथे जोडून कडेकडेनं बारीक टाके घेत जायचं. सगळ्या बाजू जोडल्या गेल्या की कच्चा टाका उसवून कागद काढून घ्यायचा. या १७१८ च्या चादरीतले कागद मात्र आतच राहिले आहेत. जुन्या अर्धवट गोधड्या उलट्या करून पाहिल्या की पाठीमागं पत्रांचे, हिशेबाच्या वह्यांचे, शाळेच्या कित्त्यांचे तुकडे दिसतात. कविता लिहिणाऱ्या माणसाला वेड लागायला एवढं पुरे आहे.

आता थोडा हिशेब. एक इंच बाजूचा षट्कोन घेतला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस इंच. नव्वद इंच बाय साठ इंचांच्या साध्या गोधडीला दोन हजारांच्या वर षट्कोन लागतात. प्रत्येकाला सहा बाजू आणि प्रत्येक शिवण दोघांत सामाईक, म्हणजे सहा हजारांच्या वर शिवणी. इंचाला बारा टाके धरले तर पाऊण लाख टाके. रोज दहा तुकडे जोडले तरी दोनशेच्या वर संध्याकाळी, आणि कागदावर कापड चढवण्याचा वेळ वेगळाच. हा हिशेब मी घरात मोठ्यानं केला नाही.

तरीही हा हिशेब अमेरिकेतल्या आल्बर्ट स्मॉलपुढं पोरखेळ आहे. इलिनॉय राज्यातला हा गृहस्थ खाणीत सुरुंगाची दारू हाताळायचं काम करी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यानं षट्कोनांच्या गोधड्या शिवायला घेतल्या आणि प्रत्येक वेळी तुकडा लहान करत गेला. तिसऱ्या गोधडीत नखाएवढाले सव्वा लाखाच्या आसपास तुकडे आहेत. दिवसभर सुरुंगाशी खेळणाऱ्या हातांना संध्याकाळी असं काही लागत असावं. दुसरं नाव ल्यूसी बोस्टन यांचं. या इंग्रज लेखिका बाराव्या शतकात बांधलेल्या दगडी घरात राहत. उन्हाळाभर बाग आणि हिवाळाभर गोधडी, हा त्यांचा नेम. १९९० मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्यांच्या हातात सुई होती. त्यांनी निवडलेला लांबट षट्कोन आज जगभर हौशी मंडळी त्यांच्याच नावानं ओळखतात.

पुरुषाच्या हातातल्या सुईचा विषय अर्धा राहिला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज फौजेत सैनिक गोधड्या शिवत. गणवेशाच्या लाल, काळ्या, पिवळ्या जाड लोकरी कापडाचे कपटे, आणि भूमितीची अशी नक्षी की पाहणाऱ्याला भोवळ यावी. क्रिमियन युद्धात, १८५४ साली इंकरमनच्या लढाईत डोक्याला जखम झालेला थॉमस वॉकर नावाचा शिपाई इस्पितळाच्या खाटेवर बसून असंच काम करताना एका चित्रात दिसतो. अशा सगळ्या गोधड्या जखमी सैनिकांनीच केल्या, हा समज त्या चित्रानं रुजवला. अभ्यासकांना ते पटत नाही. एवढं जाड कापड शिवायला हातात बळ लागतं, तेव्हा पुष्कळसं काम पलटणीतल्या शिंप्यांचं असावं. दारू-जुगारापासून शिपाई दूर राहावा म्हणून वरिष्ठही शिवणकामाला उत्तेजन देत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात फ्रान्सिस ब्रेली या साध्या शिपायाची गोधडी आहे. तो १८६४ ते १८७७ अशी तेरा वर्षं हिंदुस्थानात होता. १८५७ नंतरच्या त्या छावण्यांमध्ये, आपल्या उन्हाळ्यात, लोकरीचे शेकडो कपटे मांडीवर घेऊन बसलेला हा गोरा पोरगा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तो इथं कुणावर राज्य करायला आला होता हे मी विसरत नाही. पण दुपार त्यालाही काढायची होती.

वेळ काढणं ही गोष्ट किती गंभीर असू शकते, हे कैद्यांच्या गोधड्या सांगतात. ५ एप्रिल १८४१ रोजी 'राजा' नावाचं जहाज इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडं निघालं. नाव आपलं, माल मात्र माणसांचा. काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या १८० बायका त्यात होत्या. तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळानं अशा बायकांना सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे देण्याची पद्धत पाडली होती. साडेतीन महिन्यांनी, १९ जुलैला जहाज होबार्टला लागलं तेव्हा २,८१५ तुकड्यांची, तीन मीटरहून लांब-रुंद चादर तयार होती. तिच्या कडेला मंडळातल्या स्त्रियांचे आभार रेशमी टाक्यांनी लिहिले आहेत. शिवणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव त्यात नाही, 'राजा जहाजावरच्या कैदी' एवढाच उल्लेख. ही चादर पुढं नाहीशी झाली आणि १९८० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये एका घराच्या माळ्यावर सापडली. आता ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. काही टाके सफाईदार आहेत, काही अगदी नवख्या हाताचे, आणि मधूनच सुई टोचून पडलेले रक्ताचे बारीक डाग. हलत्या जहाजावर कंदिलाच्या उजेडात शिवणारीला गुरगानींच्या तीन अटी कुणी सांगितल्या नव्हत्या. तिची ठिगळं त्या परीक्षेत बसतात की नाही, याचा मी बराच विचार केला. आभार मानायला लावून करून घेतलेलं काम ते, म्हणजे देखावाही आहेच. पण साडेतीन महिने वेड लागू न देणारं तेच होतं.

सिंगापूरच्या चांगी तुरुंगात १९४२ मध्ये जपान्यांनी कोंडलेल्या बायकांनी नावाचा प्रश्न सोडवला. एथेल मल्व्हेनी या कॅनडियन बाईंची ती युक्ती. प्रत्येकीला सहा इंचांचा एक चौकोन, त्यावर स्वतःचं काही तरी भरायचं आणि नाव घालायचं. तीन गोधड्या झाल्या. जखमी सैनिकांसाठी म्हणून, आणि त्यातली एक जपानी सैनिकांसाठी, त्यामुळं परवानगी मिळाली. पलीकडच्या बाजूला कोंडलेल्या नवऱ्यांपर्यंत चौकोनावरचं नाव पोहोचलं की बायको जिवंत आहे, एवढं त्यांना कळणार होतं.

अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड हे कृष्णवर्णीयांचं खेडं आहे. मतदार नोंदणीसाठी हे लोक नदीपलीकडं जाऊ लागले तेव्हा १९६२ मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांची होडीच बंद केली. ती पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. या खेड्यातल्या बायकांच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत लागल्या आणि समीक्षक थक्क झाले. त्यात मिसूरी पेटवे यांची १९४२ ची गोधडी होती. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचे शेतात वापरलेले कपडे फाडून ती शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजता यावं म्हणून, असं त्यांच्या लेकीनं पुढं सांगितलं. विटलेला निळा, गुडघ्याशी फिकट झालेला. तो रंग दुकानात पाव मीटरनं मिळत नाही.

आणि आपल्या शेजारची गोष्ट. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलांत सिद्दी राहतात. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज, त्यातले कित्येक गोव्यातून पळून आलेल्यांचे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांचे लोक त्यांच्यात आहेत आणि बोली कोकणी-मराठीच्या जवळची आहे. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात. कडेपासून सुरुवात करायची आणि फिरत फिरत मध्याकडं यायचं. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांचं 'फूल' हवंच, त्याशिवाय कवंदी उघडीनागडी वाटते, असं त्या म्हणतात. कुणी चंद्रकोर घालते, कुणी क्रूस. मुदपाकखान्याशेजारच्या सोप्यात माझी दादी गोधडी घालायची तेव्हा तीही कडेकडेनं धावदोरा घेत आत यायची. खाली जुनं धोतर किंवा लुगडं, मध्ये फाटकं-तुटकं सगळं, वर तुकडे. कागद नाही, पट्टी नाही, षट्कोन नाही. आमच्या गल्लीत शेजारच्या बायका तिच्या गोधडीभोवती बसत, तिच्या हातच्या चहाला नाक मुरडणारीसुद्धा टाका घालायला यायची. आठ-पंधरा दिवसांत गोधडी अंगावर. पाच-सहा वर्षांत ती झिजली की तिच्यावरच दुसरी.

म्हणून आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वीची गोधडी क्वचितच दिसते. परदेशातल्या गोधड्या टिकल्या, कारण त्या फार वापरल्या गेल्या नाहीत. आपल्या वापरून संपल्या. संग्रहालयात ठेवायला काही उरलं नाही याचं मला वाईट वाटतं, आणि ज्यांच्यासाठी शिवल्या त्यांना ऊब मिळून त्या संपल्या हेही कळतं. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आजही शहरांत दिसतात. हौशीनं महिनोन् महिने जोडलेली गोधडी प्रदर्शनात हजारोंना जाते आणि या बायकांशी मात्र आपण दारात पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो.

माझे सध्या सातशेच्या आसपास षट्कोन झाले आहेत. अम्मीच्या ओढण्या, अब्बांचे सदरे, मुलीचे शाळेचे फ्रॉक आणि ते दुकानातले पाव-पाव मीटर. आतल्या कागदांसाठी मी माझ्या कवितांचे जुने कच्चे खर्डे कापतो आहे. चांगला जाड कागद आहे. ते काढून घ्यावेत की १७१८ च्या त्या चादरीसारखे आतच राहू द्यावेत, हे ठरत नव्हतं. मी बेगमला विचारलं. ती म्हणाली, "कागद ठेवलात तर ती धुवायची कशी?"